धुतलेले डोळे

डोळ्यांच्या डॉक्टरला डोळ्यांचीच किळस यावी, हे ऐकायला विनोदी वाटतं. पण हा डॉक्टर होता तसा. यंत्रातून दिसणारा डोळा त्याला फार आवडायचा. बुबुळ, त्याच्यामागचा पडदा, रक्तवाहिन्यांची ती बारीक जाळी, ह्या विषयावर तो जेवण विसरून बोलला असता. बोटाला लागणारा डोळा मात्र त्याला नको असायचा. चिकट पापणी, कोपऱ्यातली चिपडं, गालावर सुकलेला पिवळा ओघळ असं काही समोर आलं की त्याच्या नाकपुड्या आखडायच्या आणि मान जराशी मागे जायची. एवढंच. पण समोर बसलेल्या माणसाला तेवढं पुरायचं. तो पुन्हा कधी तसा यायचा नाही.

घारीलाही ते एकदाच पुरलं होतं.

घार हे तिचं कारखान्यातलं नाव. इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या काचेच्या बाटल्या तिथे तयार व्हायच्या आणि त्या तपासायच्या टेबलावर ती बसायची. पांढऱ्या उजेडाच्या फळीसमोरून बाटल्यांची रांग सरकत राहायची. त्यातली चिरलेली, बुडबुडा आलेली, तोंड वाकडं झालेली बाटली चिमटीत उचलायची आणि बाजूच्या खोक्यात टाकायची, हे तिचं काम. शेजारच्या टेबलावरच्या बायका बोलता बोलता काम करायच्या. ही बोलायची नाही, जांभई द्यायची नाही, आणि मुख्य म्हणजे पापणी मिटायची नाही. पापणी मिटली की तेवढ्यात बाटल्या पुढे निघून जातात. इतकी वर्षं हेच केल्यावर डोळे उघडे ठेवणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. घरी भाजी चिरतानासुद्धा ती टक लावून बघायची. नवरा म्हणायचा, "अगं, ती भाजी आहे, पळून जाणार नाही."

आता त्या टक लावण्याचं फळ हातात आलं होतं, किंवा डोळ्यात म्हणा. कोरड्या डोळ्यांचा आजार. नाव ऐकून लोकांना वाटतं, काय मोठंसं, कोरडे आहेत तर पाणी मारा. ज्यांना होतो त्यांना विचारा. कोरड्या डोळ्याइतकी ओली आणि ओंगळ वस्तू दुसरी नाही. चांगलं पाणी आटलं की डोळा भलतंच काहीतरी गाळायला लागतो. सकाळी तिच्या पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असायच्या, पिवळ्या खपल्या थुंकीने भिजवून सोडवाव्या लागायच्या. दुपारपर्यंत कोपऱ्यात पांढरा चिकट धागा तयार व्हायचा. तो बोटाने ओढला की येतच राहायचा, कुठून येतोय आणि किती उरलाय ते कळायचं नाही. कामाची पाळी संपेपर्यंत पापणीखाली वाळू भरलेली. आणि गंमत अशी की बाहेर पडून वारा लागला की घळाघळा पाणी. बायका विचारायच्या, "काय गं, घरी काही झालं का?"

तिला स्वतःच्या तोंडाची शिसारी यायला लागली होती. आरशात बघणं तिने सोडून दिलं होतं. नवरा शिंपी. पांढऱ्या कापडावर सुईच्या टोकाएवढा डाग पडला तरी ज्याला जेवण जात नाही, असा माणूस. त्याने आपली उशी हळूहळू भिंतीकडे सरकवली होती, आणि तिने ते बघितलं होतं. बघण्यात तर ती तरबेजच.

मग तिच्या टेबलावरून एक चिरलेली बाटली पुढे गेली.

पॅकिंगमध्ये ती सापडली म्हणून बरं. चिरलेल्या बाटलीतून काचेची कणी औषधात उतरते आणि औषध कुणाच्या तरी शिरेत. मुकादम ती बाटली रुमालात धरून तिच्यासमोर आला. वाईट माणूस नव्हता तो, पण आवाज सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असाच लावायचा.

"काय घारबाई, म्हातारी झाली का घार?"

"डोळे गेलेत माझे, दादा. दिव्यासमोर बसवत नाही. मला स्टोअरमध्ये टाका."

"टाकतो की. कंपनीच्या डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा. निदान 'मध्यम' लिहिलेलं पाहिजे. 'सौम्य'वर टेबल सुटत नाही, नियमच आहे तसा. आणि चिठ्ठी नसेल तर..." त्याने बाटली खोक्यात टाकली. "परत अशी गेली तर मला वर कळवावं लागेल. मग स्टोअर नाही आणि टेबलही नाही."

म्हणजे सगळा खेळ त्या एका शब्दावर आला. मध्यम म्हटलं तर नोकरी राहील. सौम्य म्हटलं तर पुढची चिरलेली बाटली जाईपर्यंत तिथेच बसायचं, आणि ती कुणाच्या शिरेत जाते त्याची वाट बघायची.

त्याच संध्याकाळी पाळी सुटल्यावर ती तशीच दवाखान्यात गेली. बसायच्या खोलीत सगळं पांढरं. फरशी पांढरी, खुर्च्या पांढऱ्या, कोपऱ्यात एक चकचकीत बेसिन, त्यावर आरसा आणि वासाचा साबण. साबणाचा तो वास इतका गोड होता की मळमळावं. मदतनीस बाईने तिला आत नेलं, यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली. डॉक्टर आला, वाकला, आणि तिथेच थांबला. नाकपुड्या आखडल्या. मान मागे.

"अहो ताई, हे असं घेऊन यायचं का डॉक्टरकडे?" त्याने टेबलावरचा कागदी रुमाल दोन बोटांनी तिच्याकडे सरकवला. "ह्या घाणीत मला काय दिसणार? असं करा, तुमच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी या. रात्री छान झोप घ्या, डोळे स्वच्छ धुवा, मी थेंब लिहून देतो ते घाला, आणि मग या. काय?"

ती "सॉरी" म्हणाली. दुखतंय म्हणून आलेल्या बाईने, ज्याचं कामच दुखणं बघायचं त्याला, सॉरी म्हटलं. पुढे कधीही त्या सॉरीची आठवण झाली की तिला थुंकावंसं वाटायचं. पण त्या दिवशी मात्र शरमेने तिचे कान तापले होते आणि ती घरापर्यंत मान खाली घालून चालत आली.

सुट्टीच्या दिवशी ती न्हाऊनमाखून निघाली. रात्रभर डोळे मिटून होते, सकाळी गरम पाण्याने पापण्या शेकल्या, खपल्या काढल्या, थेंब घातले, निघताना परत घातले. नवरा सोबत होता. तो म्हणाला, "बघ, किती बरी दिसतेस." तिलाही वाटलं, खरंच, आज बरंच बरं आहे. आणि बरं वाटतंय ह्याचा तिला आनंद झाला. येडीच म्हणायची.

बसायच्या खोलीत तिच्यासारखीच सात-आठ माणसं होती. नंबर जवळ आला की एकेक जण पिशवीतून बाटली काढायचा, मान मागे टाकायचा, थेंब घालायचा, मग बेसिनच्या आरशासमोर जाऊन कोपरे पुसायचा. फोटो काढायला बसायच्या आधी माणसं भांग सारखी करतात ना, अगदी तसं. मदतनीस बाई कौतुकाने बघायची. "डॉक्टरांना स्वच्छता लागते हो," असं प्रत्येकाला सांगायची, आपलाच मुलगा असल्यासारखं. घारीनेही बाटली काढली, थेंब घातले, कोपरे पुसले. हे सगळं करताना आपण काय करतोय हे तिच्या मनातही आलं नाही.

डॉक्टर खूश होता. "वा! आता कसं."

त्याने कागदाची एक अरुंद पट्टी तिच्या खालच्या पापणीत अडकवली. पट्टी किती भिजते त्यावरून डोळ्यात पाणी किती ते कळतं, असं त्याने सांगितलं. कागद टोचला, नुकतेच घातलेले थेंब होतेच, पट्टी बघता बघता भिजली. मग यंत्रातून बघून तो म्हणाला, "किरकोळ आहे." मग विचारलं, "त्रास किती होतो? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. किती?"

"आठ."

तो हसला. हसण्यात दुष्टावा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "सगळे आठच म्हणतात हो ताई. ह्या आजारात पेशंटचं आणि यंत्राचं कधी जुळत नाही, असं पुस्तकातही लिहिलंय. पेशंट आठ म्हणतो, आम्हाला दोन दिसतात. मग आम्ही कुणाचं धरायचं?"

"माझं धरा ना. डोळा माझाय."

"तसं धरलं तर सगळा कारखाना स्टोअरमध्ये बसेल." त्याने चिठ्ठीवर 'सौम्य' लिहिलं, सही ठोकली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाला, "जरा आनंदात ठेवा ह्यांना. पुष्कळदा मनाचंच असतं."

झालं. त्या दिवसापासून नवऱ्याला एक शब्दच सापडला. ती दिवा सहन होत नाही म्हणाली की तो म्हणायचा, "पण सौम्य आहे ना?" ती जेवण टाकून डोळ्यावर ओलं फडकं धरून बसली की, "डॉक्टर एवढे शिकलेले, ते कशाला खोटं बोलतील?" तो काही वाईट बोलायचं म्हणून बोलायचा नाही. त्याला खरोखर सुटल्यासारखं वाटलं होतं. बायको आजारी असण्यापेक्षा बायको जरा हळवी असणं नवऱ्यांना केव्हाही परवडतं. उशी मात्र भिंतीलाच राहिली.

ती टेबलावर बसत राहिली. आता भीती वेगळीच होती. प्रत्येक बाटली गेली की वाटायचं, हीच ती. मागे वळून बघता येत नाही, रांग थांबत नाही. थेंब घातले की थोडा वेळ सगळं पाण्यातून बघितल्यासारखं, नाही घातले की सगळं धुरातून. एकदा तिने चांगल्या बाटल्या भराभर उचलून खोक्यात टाकल्या, निव्वळ धास्तीने, आणि मुकादमाने लांबून बघितलं.

अशातच पॅकिंगमधली एक बाई शेजारच्या टेबलावर बदलून आली. मोठी टापटिपीची बाई. मशीनवरून बाटल्यांचा ट्रे आला की ती आधी मऊ फडक्याने एकेक बाटली पुसायची आणि मग घारीपुढच्या रांगेला लावायची. घारीच्या हे लक्षात आलं तेव्हा ती जागेवरून उठलीच.

"ए बाई, काय चालवलंयस?"

"पुसतेय. केवढ्या मळलेल्यात, बघा तरी. तेलाचे डाग आहेत."

"डाग आहेत म्हणूनच पुसायच्या नाहीत! तेल लागलंय म्हणजे साचा बिघडलाय. तो डाग बघून आपण मशीन थांबवायला सांगतो. तू पुसून ठेवलीस तर मला काय कळणार, तुझं फडकं किती स्वच्छ आहे ते? तपासायची वस्तू जशी आली तशी बघायची असते. पुसून-बिसून आणली तर तपासायचं काय, कपाळ?"

ती बाई गोरीमोरी झाली. आणि घार बोलता बोलता तोंड उघडं टाकून तशीच उभी राहिली.

तिला दिसली ती बसायची खोली. माना मागे टाकलेली ती माणसं, ती बेसिनपुढची रांग, तो गोड साबण. स्वतःचा हात दिसला, कोपरे पुसणारा. एवढी वर्षं हिने काय काम केलं? आणि स्वतःचे डोळे तपासायला नेताना मात्र न्हाऊनमाखून, पुसूनबिसून, थेंब घालून नेले! सुट्टीच्या दिवशी, रात्रभर मिटून ठेवलेले! त्याला दोन दिसले ह्यात नवल काय, तिने दोनच दाखवायला नेले होते. बाकीचे सहा बेसिनमध्ये वाहून गेले होते.

आणि हे कशासाठी? तर एका माणसाच्या नाकपुड्या आखडू नयेत म्हणून. डॉक्टरचा राग आलाच, पण त्याहून जास्त तिला स्वतःचाच तिटकारा आला. इतका, की जीभ चावावी.

दुसऱ्या दिवशी तिने थेंब घातले नाहीत. सकाळी पापण्या नुसत्या उघडतील एवढ्याच सोडवल्या, बाकी खपल्या तशाच ठेवल्या. नवरा चहाचा कप हातात घेऊन बघतच राहिला.

"अगं, तोंड?"

"आज धुणार नाही. संध्याकाळी पाळी सुटली की दवाखान्यात जाणार आहे. यायचं तर या."

"असं? लोकांत?"

"डॉक्टरकडे जातेय, लग्नाला नाही."

तो दिवस कसा गेला ते तिचं तिला माहीत. चार वाजेपर्यंत डाव्या डोळ्यात कुणी काच घासतंय असं वाटायला लागलं. तिने मुकादमाला सांगून शेवटचा तास त्या टापटिपीच्या बाईला टेबलावर बसवलं, कारण आपल्या हट्टापायी कुणाच्या शिरेत काच जायला नको. स्वतः मागे भिंतीला टेकून उभी राहिली. बसमध्ये तिच्या शेजारचा माणूस दोन थांबे आधीच उठून दाराशी जाऊन उभा राहिला. एक लहान मूल तिच्याकडे बोट दाखवून आईला काहीतरी विचारायला लागलं, तशी आईने त्याचं तोंड आपल्या कुशीत दाबलं. घारीला वाईट वाटलं नाही. तिला सगळ्यांचा वीट आला होता, स्वतःसकट.

नवरा दवाखान्याच्या दाराशी उभा होता. आला होता हे खरं. पण आत गेल्यावर मधली एक खुर्ची सोडून बसला.

"अहो ताई!" मदतनीस बाई धावत आली. "बेसिन आहे ना तिकडे. साबण आहे, टॉवेल आहे."

"दिसतंय मला. अजून तेवढं दिसतं."

"डॉक्टर रागावतील हो."

"रागावू देत."

पलीकडे एक आजी बसली होती, हातात थेंबांची बाटली घट्ट धरून. तिने घारीकडे बघितलं आणि तोंडाला रुमाल लावला. आजीच्याही पापण्या सुजलेल्या, लाल, कडांना पांढरा भुसा चिकटलेला. पण तिची नजर अशी होती, जणू ह्या सगळ्याशी तिचा काही संबंधच नाही.

आत डॉक्टरने दारातच बघितलं. नाकपुड्या, मान. सगळं ठरल्याप्रमाणे.

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना? आधी धुऊन या."

"नाही येणार."

"म्हणजे?"

"धुतल्यावर तुम्ही काय बघणार, डॉक्टर? मागच्या वेळी मी धुतलेले डोळे आणले, तुम्ही धुतलेल्या डोळ्यांना सौम्य म्हणालात. बरोबरच म्हणालात. आता हे बघा. मी ह्याच डोळ्यांनी बाटल्या तपासते."

ती यंत्रासमोर जाऊन बसली आणि हनुवटी टेकवली. डॉक्टर क्षणभर मदतनीस बाईकडे बघत राहिला, ती छताकडे बघत राहिली. नवरा दारात उभा होता, ना आत, ना बाहेर. शेवटी डॉक्टरने हातमोजे चढवले, एकावर एक दोन, आणि पट्टी पापणीत अडकवली. ह्या वेळी त्याने वाट बघितली, आणि पट्टी कोरडीच राहिली. टोकाला जेमतेम ओल आली, तीही चिकट. मग त्याने डोळ्यात रंग सोडला आणि निळा उजेड लावला. यंत्राला जोडलेल्या पडद्यावर तिचा डोळा ताटाएवढा झाला. खरं तर बुबुळावर काहीच दिसायला नको होतं. त्यावर हिरवे ठिपकेच ठिपके होते, मधे पुंजका, खाली तर एक आख्खा पट्टा, आणि त्याच्यावर तो चिकट धागा लोंबत होता. पापणी मिटली की धागा ठिपक्यांवरून घासत जायचा.

"हे हिरवं काय आहे?" नवऱ्याने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"जिथे वरची त्वचा सोलली गेलीय तिथे रंग धरतो," डॉक्टर म्हणाला. तो अजून भिंगातच बघत होता, आणि आता मात्र त्याची मान मागे गेलेली नव्हती. यंत्रातून दिसणारा डोळा ना! "डाव्यात खालच्या बाजूला व्रण आहे. हा आजचा नाही. जुना आहे. धुतला, थेंब घातले की वरून झाकला जातो, पण..." तो थांबला.

"पण मागच्या वेळी होता," घार म्हणाली.

"नीट बघितलं असतं तर..." परत थांबला. "तुम्ही इतके दिवस थांबायला नको होतं."

हे ऐकून ती हसली. इतकं घाणेरडं हसू तिला आजवर आलं नव्हतं. "मी थांबले? मी ह्याच खोलीत होते, डॉक्टर. तुम्हाला किळस आली म्हणून परत पाठवलंत. मग मला स्वतःची किळस आली म्हणून मी धुऊन आले. आपल्या दोघांच्या किळसेपायी डोळा गेला माझा."

"डोळा गेला नाही. डाग राहील. जरा धूसर दिसेल."

"बाटल्या तपासता येतील?"

त्याने चिठ्ठी ओढली, 'तीव्र' लिहिलं, सही केली. मग दोन्ही हातमोजे काढले आणि बेसिनपाशी जाऊन हात धूत बसला, बराच वेळ. हातमोज्यांच्या आत होते ते हात. घारीने पाठमोऱ्या त्या माणसाकडे बघितलं आणि तिच्या मनात आलं, ह्याच्यावर चिडायलाही अंगात जोर पाहिजे, आणि ह्याच्यासाठी तो खर्च करायची आपली इच्छा नाही.

चिठ्ठी हातात आली. तीव्र. स्टोअर मिळणार, नोकरी राहणार. तिला आनंद झाला, आणि आपला डोळा खराब असल्याचा आपल्याला आनंद होतोय हेही तिला कळलं. ह्या माणसांनी तिला कुठे आणून ठेवलं होतं!

बाहेर आली तर मदतनीस बाई आजीला उठवत होती. "चला आजी, तुमचा नंबर. तोंड धुऊन घ्या पटकन, आणि थेंब घाला."

आजी काठी टेकत बेसिनकडे निघाली. घार तिच्या आधी तिथे पोचली आणि बेसिनला पाठ लावून उभी राहिली.

"आजी, धुऊ नका. तसंच जा."

"अगं बाई, सरक. असं घाण तोंड घेऊन कसं जाऊ? शोभतं का?"

"किती दिवस धुऊन येताय?"

"मी कधी न धुता आले नाही," आजी ताठ मानेने म्हणाली. "आणि डॉक्टर म्हणतात माझे डोळे ठीक आहेत. वयाचं आहे म्हणतात. रात्री काय होतं ते माझं मला ठाऊक, पण त्यांना कशाला दाखवायचं ते?"

"ताई, बाजूला व्हा बघू," मदतनीस बाई म्हणाली. "पेशंट खोळंबलेत."

"होत नाही."

"बघा हो हे!" मदतनीस बाई नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तरी सांगा ना ह्यांना. तुम्ही समजूतदार दिसताय."

नवरा जागचा हलला. त्याने आधी घारीकडे बघितलं, गालावर रंगाचा हिरवा ओघळ, कोपऱ्यात तो धागा. मग आजीच्या पापण्यांकडे बघितलं. त्याला मळमळत होतं हे स्पष्ट दिसत होतं, ओठ पांढरे पडले होते. तो खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत बेसिनपाशी आला, बायकोला खेटून उभा राहिला, आणि नळ त्याच्या पाठीआड गेला.

"आजी," तो म्हणाला, "जा आत. असंच जा."